रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

धानाची कापणी आणि मळणी आटोपली की मौद्याच्या आसपासच्या गावांतून दवाखान्यात येणाऱ्यांची गर्दी वाढते. हंगामभर दुखणी अंगावर काढलेली असतात, ती आता दाखवायला सवड मिळते. या गर्दीत एक चेहरा ठरलेला असतो. वय पन्नास-साठच्या दरम्यान, वर्ष-दोन वर्षांपूर्वी नागपूरला अँजिओप्लास्टी झालेली, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल. बीपीची गोळी चालू असते, रक्त पातळ करण्याचीही चालू असते. कोलेस्टेरॉलच्या गोळीचे विचारले की उत्तर येते, "ते तं बंद केली जी. रिपोट नॉर्मल आला नं, मंग गोयी कायले खाऊ?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यामागचा हिशेबही वेडगळ नाही. ताप उतरला की आपण तापाची गोळी घेत नाही. टायफॉइड बरा झाला की औषधाचा कोर्स संपतो. मग कोलेस्टेरॉल उतरल्यावर गोळी का चालू ठेवायची? अडचण एवढीच की कोलेस्टेरॉल 'बरे' झालेले नसते, गोळीने ते दाबून धरलेले असते. गोळी थांबली की दोन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी जातो, आणि गेल्याचे कोणाला कळत नाही. साखर फार वाढली तर तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते. कोलेस्टेरॉल वाढल्याने मात्र ना डोके दुखते, ना दम लागतो, ना पाय सुजतात. त्यामुळे गोळी सोडणाऱ्याला काही दिवस उलट बरेच वाटते. एक गोळी कमी झाली, खर्च वाचला आणि तब्येतही छान!

हे फक्त आपल्या तालुक्यात घडते असे नाही. भारतासह १७ देशांत झालेल्या 'प्युअर' या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. आधी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी किती जण कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेतात, हे त्यात पाहिले होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ६६.५ टक्के निघाले. भारत ज्या कमी उत्पन्नाच्या गटात होता, त्या गटात ते फक्त ३.३ टक्के होते. ज्यांना या गोळीची सर्वात जास्त गरज आहे, अशा शंभर माणसांत चार जणही ती घेत नव्हते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, औषध स्वस्त झाले आहे, सरकारी दवाखान्यांतही मिळते. पण सुरू झालेली गोळी मध्येच सुटण्याचे प्रमाण आजही फार आहे, असा माझा ओपीडीतला अनुभव आहे.

रक्तवाहिनीत नेमके काय होते ते समजले, तर गोळी का सोडू नये हेही समजते. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असते पाटचारीत साचलेल्या गाळाचे. गाळ साचत जातो, पाणी कमी होत जाते, एक दिवस पाट बंद. मग स्टेंट टाकून गाळ काढला की प्रश्न मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. हे चित्र अर्धेच खरे आहे. मला बांधीच्या धुऱ्याचे उदाहरण जास्त जवळचे वाटते. खेकडा धुऱ्याला आतून पोखरतो. वरून धुरा धड दिसतो, बांधीत पाणीही भरलेले असते. मग एका रात्री धुरा फुटतो आणि सकाळी बांधी कोरडी. एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल असेच रक्तवाहिनीच्या अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरते आणि वर्षानुवर्षे साचते. त्याभोवती सूज येते आणि वर पातळ पापुद्रा धरतो. तो पापुद्रा फाटला की शरीराला तिथे जखम झाल्यासारखे वाटते, मिनिटांत रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद पडते. हाच हार्ट अटॅक. फुटणारी जागा आधी फार अरुंद झालेली असतेच असे नाही. काल शेतात राबलेला माणूस आज पहाटे गेला, असे आपण ऐकतो ते यामुळे.

स्टेंट एका जागी बसतो. पोखरण मात्र हृदयाच्या, मेंदूच्या, पायाच्या सगळ्याच वाहिन्यांत थोडीफार चालू असते. स्टेंट टाकून एक फुटलेली जागा सावरली, बाकीचा धुरा तसाच आहे. त्याची राखण गोळी करते. रक्तातले एलडीएल पुरेसे खाली राहिले की भिंतीतला साठा वाढायचा थांबतो, काही प्रमाणात आकसतो आणि वरचा पापुद्रा घट्ट होतो. यासाठी एलडीएल महिने नव्हे, वर्षे खाली राहावे लागते.

ही गोळी 'केमिकल' आहे, म्हणून नको, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. धानपट्ट्यातल्या वाचकांना तिची जन्मकथा आवडेल. जपानच्या उत्तरेकडील अकिता भागातल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ १९७१ ते १९७३ या काळात बुरशा तपासत होते. बुरशी स्वतःच्या बचावासाठी असे काही तयार करत असेल, जे कोलेस्टेरॉल बनण्याची प्रक्रिया रोखते, असा त्यांचा अंदाज होता. सहा हजारांहून अधिक बुरशा तपासल्यावर हवा तो पदार्थ सापडला, तो क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. तो पदार्थ स्वतः औषध म्हणून बाजारात आला नाही, पण त्याच वाटेने पुढे १९८७ मध्ये पहिली स्टॅटिन गोळी अमेरिकेत मंजूर झाली. एंडो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. कोट्यवधी लोकांचे आयुष्य वाढवणाऱ्या या माणसाला नोबेल मिळाले नाही, ही मला तरी खटकणारी गोष्ट आहे.

नोबेल मिळाले ते अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना, १९८५ मध्ये, आणि तेही रास्तच होते. रक्तातले एलडीएल पकडून आत ओढणारे 'रिसेप्टर' पेशींवर असतात, हे त्यांनी दाखवले. आता स्टॅटिनचे काम लक्षात येईल. आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. गोळी यकृतातले हे उत्पादन कमी करते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले की ते आपले रिसेप्टर वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. ज्या दिवशी गोळी बंद होते, त्या दिवसापासून यकृत पुन्हा जुन्या सवयीला लागते.

याने खरोखर जीव वाचतो का? १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या पाच देशांच्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सुमारे साडेपाच वर्षांनी औषध नसलेल्या गटात २५६ मृत्यू झाले होते, औषध घेणाऱ्यांत १८२. त्यानंतर जगभर लाखाहून अधिक लोकांवर चाचण्या झाल्या. एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरले की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात, असा त्यांचा निचोड आहे. जास्त उतरले तर फायदा त्याहून जास्त.

आता त्या 'नॉर्मल' शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथे होतो. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते, ती सर्वसाधारण निरोगी माणसासाठी असते. कागदाला तुमचा स्टेंट माहीत नसतो, तुमचा मधुमेह माहीत नसतो. समजा, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचे एलडीएल ९६ आले. कागदावर ना तारा, ना ठळक अक्षर. माणूस खूश. पण कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याचे एलडीएल ५५ च्या खाली हवे. म्हणजे हा 'नॉर्मल' रिपोर्ट औषध वाढवण्याचा आहे, बंद करण्याचा नव्हे. हृदयविकार झालेला नाही पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाबामुळे धोका जास्त आहे, त्यांच्यासाठी मर्यादा ७०. ज्यांना यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी १००. एकच आकडा, तीन माणसे, तीन वेगळे अर्थ. आणि हो, पाहायचा तो एलडीएलचा आकडा. 'टोटल कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नये.

५५ पर्यंत पोहोचायला एक गोळी दरवेळी पुरत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी दुपटीने उतरते, असे नाही, जेमतेम सहा टक्क्यांनी उतरते. म्हणून अशा वेळी एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून होणारे शोषण कमी करते आणि साधारण वीस टक्क्यांची आणखी घट देते. दोन गोळ्या दिल्या म्हणजे आजार बळावला, असा अर्थ काढू नका.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हल्ली 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजेस गावोगावी पोहोचली आहेत. अठ्ठावीस वर्षांचा, ना मधुमेह, ना बीपी, ना तंबाखू, असा तरुण एलडीएल ११८ चा कागद घेऊन घाबरत येतो. त्याला बहुधा गोळीची गरज नसते. चालणे, वजन, जेवण एवढे पाहून वर्षभराने पुन्हा तपासले तरी चालते. याउलट चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचे एलडीएल फार वाढलेले नसले, तरी त्याला स्टॅटिनचा फायदा होतो. आणि कोणाचे एलडीएल १९० च्या वर असेल, पापण्यांवर पिवळट चट्टे असतील, घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे वय न पाहता उपचार लागतात आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागते.

'हे शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचे आजार' हा समज आपल्या भागात अजून पक्का आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या त्यांच्या पुस्तकामुळे ते अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. साधे राहणारा, गांधीविचारांच्या घरात वाढलेला डॉक्टर, त्यालाही चुकले नाही. त्यांच्याच 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत दोन वर्षे झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सर्वात मोठे कारण निघाले पक्षाघात. सुमारे सातपैकी एक मृत्यू त्याने झाला होता आणि त्यातले बहुतेक घरीच. पक्षाघातात रक्तदाबाचा वाटा सर्वात मोठा असतो, हे खरे. पण गुठळीने होणाऱ्या पक्षाघातामागे तीच पोखरलेली रक्तवाहिनी असते. वयाचेही तेच. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, बाकीच्या देशांत जवळपास एकोणसाठाव्या वर्षी. ती सहा वर्षे म्हणजे घरात मुलीचे लग्न राहिलेले असते, मुलगा शिकत असतो, सोसायटीचे कर्ज फिटलेले नसते.

गोळी सुटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखी. "रोवणीपासून आंग दुखते जी, ह्या गोयीनंच होत असन." रोवणीत दिवसभर चिखलात वाकून कोणाचे अंग दुखत नाही? पण गोळी घेणाऱ्याचे दुखले की आळ गोळीवर येतो. लंडनमध्ये 'सॅमसन' नावाचा एक छोटा पण सुरेख प्रयोग झाला, २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते फोनवर नोंदवायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता. स्टॅटिनच्या महिन्यात वाढला, पण औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यातही जवळपास तेवढाच वाढला. म्हणजे त्रास खरा होता, लोक खोटे बोलत नव्हते. पण त्यातला नव्वद टक्के भाग गोळी घेतो आहोत या धास्तीतून आलेला होता. स्वतःचे निकाल पाहिल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केले.

याचा अर्थ स्टॅटिनला दुष्परिणामच नाहीत, असा नव्हे. काही थोड्या लोकांना स्नायूंचा खरा त्रास होतो. अंगात एकदम अशक्तपणा आला, मांड्या-दंड फार दुखू लागले, लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर किंचित वाढू शकते, तरीही हृदयाला होणारा फायदा मोठा राहतो. यकृताची तपासणी डॉक्टर सुचवतील तेव्हा करावी. गर्भवती स्त्रीला किंवा मूल होण्याच्या विचारात असलेल्या स्त्रीला ही गोळी साधारणपणे देत नाहीत, तिने आधी सांगायलाच हवे. अंग सतत दुखत असेल तर थायरॉइडही तपासून घ्यावे, कारण थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि अंगही दुखते. बहुतेक वेळा डोस कमी करून किंवा गोळी बदलून मार्ग निघतो. स्वतःहून कायमची बंद करणे हा त्यातला सर्वात महागडा मार्ग.

जेवणाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर सल्ले देणारे भरपूर आहेत. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असे मोठ्या अक्षरांत छापतात. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसते, त्यामुळे त्यात कौतुक काही नाही. प्रश्न असतो संपृक्त चरबीचा आणि किती तेल वापरतो याचा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ते चांगलेच झाले. पण ठेल्यावर तेच तेल दिवसभर उकळत राहते, त्याचे काय? सावजी मटण किंवा तर्री-पोहे महिन्यातून एकदा खाल्ल्याने कोणी मरत नाही. रोज वरचा लाल थर प्यायचा आणि मग 'जेवणाने काही फरक पडत नाही' म्हणायचे, हे चालणार नाही. जेवण सुधारल्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरते. धोका कमी असलेल्याला तेवढे पुरू शकते, स्टेंट बसलेल्याला नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील तर तेलापेक्षा ताटातला भाताचा ढीग, साखर आणि दारू यांच्याकडे आधी पाहावे. आणि खर्रा. दोन गोळ्या वेळेवर घेऊन दिवसाला चार खर्रे खाणाऱ्याला काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही. त्याच्याशी दरवेळी भांडतो, एवढेच.

दुधीच्या रसाचे एक सांगतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांत हा रस फार लोकप्रिय आहे. दुधी भाजी म्हणून उत्तमच. पण कडू दुधीच्या रसाने देशात विषबाधा आणि मृत्यूही झाले आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही रस कडू लागला तर पिऊ नये, असे सांगितले आहे. घोट कडू लागला तर थुंकून टाका, औषध म्हणून गिळू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लिपिड तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची आता सरसकट गरज नाही. दूरच्या गावाहून पहाटेच्या एसटीने उपाशी येणारे मधुमेही रुग्ण रांगेत चक्कर येऊन पडतात. ट्रायग्लिसराइड फार जास्त निघाले, तरच उपाशीपोटी पुन्हा तपासतात. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर महिना ते तीन महिन्यांत एकदा तपासावे, पुढे सहा महिने ते वर्षाने. लायपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करावी, असे २०२४ च्या सूचनांत म्हटले आहे. ती सगळीकडे होत नाही, पण घरात लवकर हृदयविकार झालेले असतील तर विचारून घ्यावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अॅटोरवास्टॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. एखाद्या वेळी केंद्रावर गोळी संपलेली असेल तर जनऔषधी दुकानातून घ्यावी, खंड पाडू नये.

अॅटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही घेता येते, रात्रीच घ्यायला हवी असे नाही. बीपीच्या गोळीसोबत सकाळी घेतली तर विसरत नाही. अँजिओप्लास्टीनंतर पुष्कळांना तीन औषधे एकत्र असलेली कॅप्सूल देतात, दोन रक्त पातळ करणारी आणि तिसरे स्टॅटिन. घरात तिला 'रक्त पातळ करायची गोळी' एवढेच म्हणतात. मग दात काढायचा असला की कोणीतरी ती बंद करायला सांगतो, आणि स्टॅटिनही बंद होते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी औषधे हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत, दात काढायलासुद्धा. उलटही घडते. सरकारी दवाखान्यातली अॅटोरवास्टॅटिन आणि बाहेरची कॅप्सूल, अशी स्टॅटिन दोनदा पोटात जाते. म्हणून दवाखान्यात येताना फक्त फाइल आणू नका. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत टाकून आणा.